रिव्ह्यूचे ओझे पाठवणाऱ्यानेही उचलावे

ओपन सोर्स प्रकल्पात बदल पाठवणे स्वस्त असते आणि तो तपासणे महाग. गिटहबवर खाते असलेला कोणीही एखाद्या सार्वजनिक रिपॉझिटरीची प्रत काढतो, चार ओळी बदलतो आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे पीआर, टाकून मोकळा होतो. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेन्टेनरची सुटका इतक्यात होत नाही. बदल वाचायचा, तो कशासाठी केला ते समजून घ्यायचे, जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांचे काही बिघडेल का ते पाहायचे, टेस्ट पुरेशा आहेत का ते तपासायचे. एकदा मूळ कोडमध्ये मर्ज केला की पाठवणारा निघून गेला तरी तो कोड पुढची कित्येक वर्षे सांभाळायचा. म्हणूनच बहुतेक मोठ्या प्रकल्पांत न तपासलेले पीआर शेकड्यांनी तुंबलेले असतात.

या तुंबण्याचे एक ठरावीक निदान केले जाते. कोड उघडा आहे, तेव्हा पाहणारे पुष्कळ आहेत आणि चुका आज ना उद्या सापडतीलच. जे मेन्टेनर वेळेत उत्तर देत नाहीत त्यांनी अधिकार दुसऱ्याकडे सोपवावेत. नवोदितांसाठी दार आणखी उघडावे, त्यांच्यातूनच रिव्ह्यूअर तयार होतील. आणि जे उरेल ते यंत्राकडे द्यावे. या चारही उपायांत एक गोष्ट समान आहे: पीआर पाठवणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी येत नाही. निदान चुकते ते इथेच. रिव्ह्यू हे प्रकल्पाचे सर्वांत तुटपुंजे बळ आहे आणि ते खर्च करायला लावणाऱ्याकडून त्याचा मोबदला श्रमाच्या रूपात घेतल्याशिवाय कोणताही उपाय टिकत नाही. चारही दावे एकेक करून तपासले की हे स्पष्ट होते.

पहिला दावा पुष्कळ डोळ्यांचा. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात तो मांडला आणि त्याला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव दिले. पाहणारे पुरेसे असले की कोणताही बग कोणाच्या तरी लक्षात येतोच, असा त्याचा आशय आहे. त्यातली ‘पुरेसे’ ही अट पुढे विसरली गेली आणि कोड सर्वांना दिसतो म्हणजे तो सर्वांनी पाहिलेला असतो, अशी समजूत रूढ झाली.

ती किती महागात पडते हे हार्टब्लीड या दोषाने दाखवले. ओपनएसएसएल ही लायब्ररी वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवण्यासाठी जगभरचे सर्व्हर वापरतात. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक सोय तिच्यात घालण्यात आली. क्लायंट एक छोटा मजकूर पाठवतो आणि सर्व्हर तोच परत करतो. मजकूर किती लांबीचा आहे हे संदेशातच दोन बाइटमध्ये लिहिलेले असते. कोडने ही लिहिलेली लांबी खरी मानली. एका बाइटचा मजकूर पाठवून लांबी पासष्ट हजार लिहिली, तर सर्व्हर आपल्या मेमरीत त्या बाइटच्या पुढे जे काही असेल ते जवळपास ६४ किलोबाइटपर्यंत उचलून परत पाठवत असे. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत, सर्व्हरची खासगी किल्लीही असू शके. सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या संदेशात मावते का, एवढी एकच तुलना कोडमध्ये राहून गेली होती.

हा बदल डॉक्टरेट करणाऱ्या एका संशोधकाने पाठवला, प्रकल्पातल्या एका अनुभवी डेव्हलपरने तपासला आणि ३१ डिसेंबर २०११ रोजी तो मूळ कोडमध्ये गेला. मार्च २०१२ मध्ये तो १.०.१ या आवृत्तीतून बाहेर पडला. दोष जाहीर झाला एप्रिल २०१४ मध्ये. दोन वर्षांहून अधिक काळ तो कोड सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. कोट्यवधी लोकांचे व्यवहार त्याच्यावर चालत होते, पण तो पुन्हा वाचण्याचे काम कोणाचेच नव्हते. त्या काळात ओपनएसएसएलला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या साधारण २,००० डॉलरच्या घरात होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता.

इथे तपासणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण रिव्ह्यू म्हणजे काय हे ध्यानात घेतले की तो दोष लागू होत नाही. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हाच तासाला किती ओळी तपासायच्या याचा हिशेब तिच्यात होता. वेग वाढला की चुका निसटतात, हे तेव्हापासून माहीत आहे. अल्बेर्तो बाकेल्ली आणि क्रिश्चन बर्ड यांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुका सापडाव्यात ही सर्वांची अपेक्षा असते, पण रिव्ह्यूचा बराच भाग कोड आणि त्यातला बदल समजून घेण्यातच जातो, असे त्यात आढळले. घोडे अडते ते समजण्यापाशी. बदलाची पार्श्वभूमी ठाऊक असलेली माणसे मोजकी असतात आणि त्यांचे तासही मोजके. कोड पाहू शकणाऱ्यांची संख्या लाखांनी वाढली तरी हे तास वाढत नाहीत.

दुसरा दावा असा की मेन्टेनर अडवून बसतात आणि त्यांनी बाजूला व्हावे. हा दावा ऐकून वागले तर काय होते याचे उदाहरण एक्सझेड युटिल्समध्ये आहे. माहिती दाबून लहान करणारी ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. लास्से कोलिन हे ती बहुतांशी एकट्याने, विनावेतन सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्यांच्यामागे तगादा लागला: पॅच, म्हणजे पाठवलेले बदल, पडून आहेत, प्रकल्प थांबला आहे, दुसऱ्या कोणाला तरी नेमा. आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी दीर्घकाळच्या आहेत आणि हा प्रकल्प छंद म्हणून, पैशाशिवाय चालतो, हे कोलिन यांना जाहीरपणे सांगावे लागले. त्याच काळात जिया तान या नावाने एक मदतनीस नियमित पॅच पाठवत होता. हळूहळू प्रकल्पाचे अधिकार त्याच्या हाती आले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानेच प्रसिद्ध केलेल्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा होता. त्याचा मोठा भाग टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवला होता आणि तो कामाला लावणारी कळ रिपॉझिटरीत नव्हतीच, ती फक्त प्रसिद्ध केलेल्या संचात होती. पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याचा माग काढत ते मुळाशी पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही गोष्ट जाहीर केली.

पुष्कळ डोळ्यांचे समर्थक ही घटना आपल्या बाजूने सांगतात: शेवटी कोणीतरी पकडलेच ना? पण फ्रॉइंड रिव्ह्यू करत नव्हते. ते दुसऱ्याच कामासाठी वेग मोजत होते. त्यांच्या चिकाटीने जगावरचे संकट टळले, रिव्ह्यूची व्यवस्था मात्र त्याआधीच पूर्ण कोसळली होती. ती कोसळली याचे कारण असे की थकलेल्या एका माणसाकडे नुसत्या मागण्या होत राहिल्या आणि त्याच्या वाट्याचे ओझे उचलायला एक फसवा मदतनीस सोडला तर कोणी पुढे आले नाही. तगादा हा रिव्ह्यूच्या टंचाईवर उपाय नाही. टंचाईचा फायदा घेणाऱ्यांचे ते हत्यार आहे.

तिसरा दावा नवोदितांचा. दार उघडे ठेवले की पाठवणारे येतील आणि त्यांतून तपासणारे घडतील, हा विश्वास प्रामाणिक आहे, पण त्यात मधला टप्पा गाळलेला असतो. नवा माणूस तपासण्याइतका तयार व्हायला त्याचे काम कोणीतरी तपासावे लागते, आणि ते करणारे हात तेच, जे आधीच अपुरे आहेत. पाठवणाऱ्यांची संख्या झटकन वाढली, तर तयार होणाऱ्यांची संख्या उलट घटते, कारण शिकवण्याचा वेळ गाळणी करण्यात जातो.

ऑक्टोबर २०२० मध्ये हे जगाने पाहिले. डिजिटलओशनच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात महिन्याभरात चार पीआर पाठवले की टी-शर्ट मिळे. त्या वर्षी रीडमी या माहितीच्या फाइलीत एखादे विशेषण वाढवणाऱ्या, जागा कमीजास्त करणाऱ्या पीआरचा असा लोंढा आला की आयोजकांना महिना सुरू झाल्यावर काही दिवसांतच नियम बदलावा लागला आणि जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील त्यांतलेच पीआर धरायचे ठरले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीवर अशीच वेळ आली. भारतातल्या एका शिकवणी व्हिडिओत पीआर कसा टाकायचा हे दाखवताना उदाहरणादाखल तीच रिपॉझिटरी वापरली होती. पाहणाऱ्यांनी तेच गिरवले आणि रीडमीत स्वतःचे नाव घालणारे पीआर एकामागून एक येऊ लागले. त्या विद्यार्थ्यांचा हेतू वाईट नव्हता. पीआर टाकणे म्हणजे ओपन सोर्समध्ये योगदान, एवढेच त्यांना शिकवले गेले होते. पलीकडे एक माणूस तो उघडून वाचतो आणि बंद करतो, हे कोणी सांगितलेच नव्हते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे. गूगल समर ऑफ कोडमध्ये भारतीय विद्यार्थी वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने असतात आणि नोकरीच्या अर्जावर गिटहबचे पान दाखवणे आता रूढ झाले आहे. योगदानाची मोजणी पीआरच्या आकड्याने होऊ लागली की तो आकडा वाढवायला कोणाचे तास खर्च होतात हे कोणी विचारत नाही.

चौथा दावा यंत्राचा, आणि तो सर्वांत नवा. यंत्राने करण्याजोगे पुष्कळ आहे, ते आधीपासून होतही आहे. कोडची मांडणी तपासणे, टेस्ट चालवणे, पॅच आजच्या कोडवर बसतो का ते पाहणे ही कामे सीआय, म्हणजे बदल येताच आपोआप चालणारी तपासणी यंत्रणा, करते. लिनक्स कर्नलमध्ये पॅच पाठवण्याआधी मांडणीच्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट कित्येक वर्षे वापरात आहे. इथवर वाद नाही. वाद आहे तो भाषा मॉडेलनी लिहिलेल्या पीआर आणि बग रिपोर्टबद्दल. यंत्र तपासेल ही आशा दाखवली गेली आणि प्रत्यक्षात यंत्राने आधी पाठवण्याचा खर्च शून्यावर आणला.

कर्ल या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या सुरुवातीपासून याबद्दल जाहीरपणे सांगत आले आहेत. सुरक्षेतल्या त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची कर्लची योजना २०१९ पासून चालू होती. पुढे तिच्यात असे रिपोर्ट येऊ लागले की भाषा सफाईदार, मांडणी नीटनेटकी, पण सांगितलेली त्रुटी कोडमध्ये कुठेच नाही. त्रुटी आहे असे म्हणायला काही सेकंद पुरतात, ती नाही हे सिद्ध करायला मोजक्या माणसांचे तास जातात. अखेर जानेवारी २०२६ संपताना ही बक्षीस योजना बंद करण्यात आली. जेंटू लिनक्सने तर एप्रिल २०२४ मध्येच अशा साधनांनी तयार केलेले योगदान न स्वीकारण्याचा निर्णय घेतला होता.

याच कर्लमधली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ मध्ये एका संशोधकाने अशीच साधने वापरून सापडलेल्या शंकांची यादी पाठवली आणि तिच्यातून कर्लमध्ये खऱ्या दुरुस्त्या झाल्या, त्याही अनेक. साधनांची जात तीच, परिणाम उलटा. फरक होता तो पाठवण्याआधी माणसाने घेतलेल्या कष्टांचा. म्हणून यंत्रावर सरसकट बंदी हा प्रश्नाचा गाभा ठरत नाही. पाठवणाऱ्याने आपला दावा आधी स्वतः पारखला की नाही, हा गाभा आहे.

चारही दाव्यांतून एकच निष्कर्ष निघतो. ज्या प्रकल्पांनी रिव्ह्यूचा भार आटोक्यात ठेवला आहे, त्यांनी तो पाठवणाऱ्याकडे वळवण्याचे नियम केले आहेत.

पोस्टग्रेसचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथे २००८ पासून कमिटफेस्ट भरतात, वर्षातून साधारण पाच. त्या काळात नवे लिहिणे बाजूला ठेवून आधी आलेले पॅच तपासायचे. पॅच पाठवणाऱ्याने तेवढ्याच आकाराचा आणि अवघडपणाचा दुसऱ्याचा किमान एक पॅच तपासावा, अशी अपेक्षा लेखी नोंदवलेली आहे. तपासायला तज्ज्ञ असण्याची अट नाही. पॅच आजच्या कोडवर बसतो का, बांधणी होते का, टेस्ट आणि दस्तऐवज सोबत आहेत का, जे करतो असे म्हटले आहे ते खरोखर करतो का, एवढे पाहून लिहिले तरी ते काम मोलाचे धरतात. मग कोडची रचना पाहणारे पुढे येतात आणि शेवटी कोड स्वीकारण्याचा अधिकार असलेले मोजके कमिटर. प्रत्येक पॅचची स्थिती नोंदलेली असते: रिव्ह्यू हवा, लेखकाची वाट पाहत आहे, कमिटरसाठी तयार, शेरे देऊन परत. पुण्यात एंटरप्राइझडीबीचे कार्यालय आहे आणि तिथले डेव्हलपर याच शिस्तीत पोस्टग्रेसवर काम करतात, तेव्हा ही पद्धत मराठी मुलखालाही अनोळखी नाही. पोस्टग्रेसच्या रांगेतही शेकडो पॅच असतात हे खरे. पण तिथे पाठवणे आणि तपासणे ही एकाच माणसाची दोन कर्तव्ये मानली जातात, आणि त्यामुळे रांग वाढली तर तपासणारेही वाढण्याची सोय राहते.

लिनक्स कर्नलने ओझे लहान तुकड्यांत वाटले आहे. एका पॅचमध्ये एकच तर्कशुद्ध बदल असावा, मोठे काम क्रमाने वाचता येईल अशा मालिकेत फोडून पाठवावे, आणि बदल का केला हे सोबत लिहावे. हे फोडण्याचे कष्ट पाठवणाऱ्याचे. दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. टोरवाल्ड्स ते एकेक करून वाचत नाहीत, उपप्रणालींचे मेन्टेनर तपासून पुढे पाठवतात. ही साखळी विश्वासावर उभी आहे. एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवण्याचा प्रयोग केल्यावरून वाद पेटला, तेव्हा त्या विद्यापीठातून आलेले जुने बदलही पुन्हा तपासावे लागले. प्रयोग मूठभरांचा, भुर्दंड मेन्टेनरच्या मोठ्या फळीला.

रस्टमध्ये प्रत्येक पीआरवर लेबल असते, त्यावरून चेंडू रिव्ह्यूअरकडे आहे की लेखकाकडे ते कळते. कुबरनेटीसमध्ये प्रत्येक फोल्डरचे रिव्ह्यूअर आणि मंजुरी देणारे कोण हे फाइलीत लिहिलेले असते आणि बराच काळ हालचाल नसलेला पीआर बॉट बंद करतो. एसक्यूलाइट तर बाहेरचा कोड सहसा घेतच नाही. कोड सर्वांसाठी मोकळा आहे, म्हणून प्रत्येकाचा पीआर तपासण्याचे बंधन प्रकल्पावर येत नाही, हे त्याने वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे.

ज्या कंपन्या या कोडवर धंदा करतात त्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. त्यांच्याकडून येणारा पैसा बहुधा नव्या सोयी लिहिण्यासाठी येतो, म्हणजे तो रिव्ह्यूची रांग आणखी लांबवतो. जँगोने २०१४-१५ च्या सुमारास फेलो नेमायला सुरुवात केली. त्यांचे काम तिकिटांची वर्गवारी करणे आणि इतरांचे पॅच तपासणे. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने जुलै २०२१ मध्ये वुकाश लांगा यांना निवासी डेव्हलपर म्हणून नेमले, आणि साचलेल्या पीआरचा निपटारा हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. रिव्ह्यू हे पगार देऊन करून घेण्याजोगे काम आहे, हे या दोन प्रकल्पांनी मान्य केले. बाकीच्यांनी ते अजून स्वयंसेवकांच्या रात्रींवर आणि सुट्ट्यांवर ढकललेले आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. दारात अटी घातल्या तर नवखे, इंग्रजीत अडखळणारे, मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेले लोक बाहेरच राहतील. ही भीती खोटी नाही, आणि कोणाची ओळख किंवा पदवी पाहून दार बंद करणाऱ्या अटी निषेधार्हच आहेत. पण श्रमाची अट वेगळी. दुसऱ्याचा बग आपल्या यंत्रावर घडवून पाहणे, पॅच लावून टेस्ट चालवणे, काय दिसले ते चार साध्या वाक्यांत लिहिणे, यासाठी ना ओळख लागते ना सफाईदार इंग्रजी. नांदेडच्या विद्यार्थ्याला हे बर्लिनच्या अभियंत्याइतकेच जमते. शिवाय उघड्या दारातून आलेला त्याचा चांगला पीआर शंभर निरर्थक पीआरखाली वर्षभर दबून राहिला, तर त्या उघडेपणाचा त्याला उपयोग काय? अटी नसल्या की सर्वांत जास्त नुकसान मन लावून काम करणाऱ्या नवोदिताचेच होते.

तेव्हा प्रकल्पांनी आपली रिव्ह्यूची क्षमता जाहीर सांगावी, ती ओलांडली की नवे पीआर थांबवावेत, आणि नाही म्हणताना अपराधी वाटून घेऊ नये. कंपन्यांनी आपल्या माणसांचे ठरावीक तास इतरांचे पॅच तपासण्यासाठी राखून ठेवावेत. महाविद्यालयांनी पीआरच्या संख्येला गुण देणे बंद करून तपासलेल्या पीआरला गुण द्यावेत. आणि ओपन सोर्समध्ये पहिले पाऊल टाकू पाहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा पहिला पीआर पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी एक तपासून द्यावा.